जंगलात पानं राहतात कुठे?

आधी एक कोडं सोडवा बघू. जंगलाचे दोन तुकडे आहेत, एकाच मापाचे. दोन्हींत शंभर-शंभर झाडं. जातीही त्याच : साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू. तरीसुद्धा भल्या पहाटे पहिल्या तुकड्यात कान देऊन उभं राहिलं, तर पाखरांचा नुसता गलका. दुसऱ्यात मात्र चार-दोन आवाज झाले की सामसूम. असं का बरं?

पाणी कमी असेल, असं म्हणू नका. नाला दोन्हींच्या कडेनं वाहतो. शिकारी येत असतील, असंही म्हणू नका. दोन्ही तुकडे सारखेच राखलेले आहेत.

उत्तर आहे पानांमध्ये. पानं किती आहेत यापेक्षा ती कुठे आहेत, याला इथे महत्त्व आहे. पहिल्या तुकड्यात घोट्यापासून शेंड्यापर्यंत सगळीकडे पानंच पानं. दुसऱ्यात सगळी हिरवाई वर शेंड्याला, आणि खाली नुसते बुंधे नि उघडी जमीन. झाडं, झुडपं, वेली, गवत, वाळलेली खोडं यांची जंगलात जी मांडणी झाली आहे, तिला शास्त्रज्ञ जंगलाची संरचना म्हणतात. एखाद्या जंगलात ही मांडणी किती तऱ्हांची आहे, हे चक्क आकड्यात मोजता येतं. काठी, दोरी आणि जुनी चादर घेऊनही मोजता येतं आणि अंतराळातूनसुद्धा!

मोजायला आपण गोंदिया जिल्ह्यात जाऊ. महाराष्ट्राच्या पार पूर्वेला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांना चिकटून हा जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. धानाची शेतं, जुने मामा (माजी मालगुजारी) तलाव, गावोगावच्या बोड्या (छोटी तळी) आणि जंगल, हे इथलं वैभव. जिल्ह्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे. नवेगाव आणि नागझिरा ही नावं तुम्ही ऐकली असतील. २०१३ साली ही दोन्ही जंगलं आणि त्यांच्या शेजारची अभयारण्यं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. ‘पक्षीकोश’ लिहिणारे मारुती चितमपल्ली याच नवेगावला वनाधिकारी होते.

आता तिरोड्याकडून मंगेझरीच्या फाटकातून पावसाळा सरता सरता नागझिऱ्याच्या जंगलात शिरलो, असं समजा. मान वर करायची नाही अजून. आधी पायाशी बघायचं.

पायाशी पाचोळा आहे, गवत आहे, बोटभर उंचीची सागाची नि ऐनाची रोपं आहेत. हा जमिनीचा थर. पाचोळा उडवत किडे शोधणारा नवरंग इथला. लावे, मोर आणि कलकल करणारे सातभाईसुद्धा इथलेच. आता कमरेपासून दोन माणूस उंचीपर्यंत बघा. झुडपं, तरणी झाडं आणि बांबूची बेटं दिसतील. लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक या सावलीत माश्या टिपत फिरतो. मग बुंध्यांकडे नजर वळवा. सुतार खोडावर टकटक करत वर चढतोय, तर शिलींध्री नावाचा चिमुकला पक्षी त्याच खोडावरून डोकं खाली करून उतरतोय. एकच खोड, पण एक जण खालून वर तपासतो, दुसरा वरून खाली. सुताराच्या नजरेतून सुटलेला किडा शिलींध्रीला सापडतो! आणि आता मान वर करा. शेंड्यांवर पिवळाधमक हळद्या आहे, निखारांचा थवा आहे आणि आपला राज्यपक्षी हरियालही आहे.

म्हणजे प्रत्येकाचा थर ठरलेला. मधला थर काढून टाकला, तर स्वर्गीय नर्तकानं जायचं कुठे? तो काही हळद्याशेजारी जाऊन बसणार नाही. त्याचं खाणं, लपणं आणि घरटं, सगळं मधल्या थरात.

रॉबर्ट आणि जॉन मॅकआर्थर या अमेरिकेतल्या दोन भावांना हेच मोजून बघायचं होतं. रॉबर्टचं शिक्षण आधी गणितात झालं होतं, आणि पाखरांचा नाद लहानपणापासून. अमेरिकेतल्या पानझडी जंगलांत जाऊन त्यांनी तीन थर ठरवले : जमिनीपासून २ फुटांपर्यंत, २ ते २५ फूट, आणि २५ फुटांच्या वर. प्रत्येक थरात किती पानं आहेत ते मोजलं. तिथे किती जातींचे पक्षी घरटी करतात तेही मोजलं. १९६१ साली त्यांनी निष्कर्ष छापला. पानं तिन्ही थरांत जितकी सारखी वाटलेली, तितकी पक्ष्यांची विविधता जास्त. झाडं किती जातींची आहेत हे वेगळं सांगून पक्ष्यांच्या अंदाजात काही भर पडत नव्हती. हे वाचून त्या काळी पुष्कळ जण चकित झाले असणार, कारण जास्त जातींची झाडं म्हणजे जास्त पक्षी, असंच कुणालाही वाटेल.

पण आपण हे जसंच्या तसं उचलायचं नाही, बरं का. आपल्या जंगलातल्या धनेशाला विचारा! त्याला वड-पिंपळ-उंबराची फळं लागतात. पानं कितीही थरांत असली, तरी फळझाड नसेल तर तो उपाशी. त्यामुळे झाडांच्या जातीही मोजायच्या आणि थरही मोजायचे. नुसत्या जाती मोजून थांबलो, तर अर्धंच जंगल कळतं, एवढं मात्र मॅकआर्थर बंधूंनी पक्कं दाखवून दिलं.

पण पानं मोजली कशी असतील? एकेक करून मोजायची, तर आयुष्य जाईल. त्यांची युक्ती इतकी सोपी आहे, की ती तुम्हालाही करता येईल. एक पांढरी फळी घ्यायची. फळी नसेल तर पांढऱ्या चादरीचा चौकोनी तुकडा काठ्यांवर ताणून घ्या. एकानं जागेवर उभं राहायचं. दुसऱ्यानं फळी धरून झाडीत हळूहळू लांब जायचं. फळीचा बरोबर अर्धा भाग पानांआड गेला, की पहिल्यानं ओरडायचं, “थांब!” आता दोघांमधलं अंतर टेपनं मोजा. झाडी दाट असेल तर तीन मीटरवरच अर्धी फळी दिसेनाशी होईल. विरळ असेल तर बारा मीटर जावं लागेल. अंतर चौपट, म्हणजे पानांची दाटी पाव. आधी गुडघ्याच्या उंचीवर मोजा, मग छातीच्या उंचीवर. मग फळी बांबूला बांधून उंच धरा. प्रत्येक उंचीवर चार दिशांना चार वेळा मोजून सरासरी काढा, कारण एखाद्या दिशेला नेमकं मोठं झुडूप आडवं आलेलं असतं.

आता यातून एक आकडा काढू. वही-पेन्सिल घ्या. समजा पहिल्या तुकड्यातल्या दर १०० पानांपैकी ४० वरच्या थरात, ३५ मधल्या आणि २५ खालच्या थरात आहेत. हे दशांशात लिहा : ०.४०, ०.३५, ०.२५. प्रत्येकाचा वर्ग करा. ०.१६, ०.१२२५ आणि ०.०६२५. बेरीज झाली ०.३४५. आता १ ला या बेरजेनं भागा. उत्तर आलं जवळजवळ २.९. म्हणजे हे जंगल खरोखर तीन थरांचं आहे म्हणायला हरकत नाही.

आता दुसरा तुकडा. तिथे दर १०० पैकी ९० पानं वर, ५ मध्ये, ५ खाली. वर्गांची बेरीज ०.८१५. भागाकार १.२३. दिसायला तीन थर, पण हिशेबानं जेमतेम सव्वा! आपल्या कोड्यातली सामसूम आली ना आकड्यात?

वर्ग करून भागायची ही रीत एडवर्ड सिम्प्सन या ब्रिटिश गणितज्ञाच्या मापावरून आलेली आहे. १९४९ साली त्यानं ते मांडलं. दुसऱ्या महायुद्धात हाच माणूस ब्लेचली पार्क इथे शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामात होता. मॅकआर्थर बंधूंनी वापरलेलं माप जरा वेगळं होतं. ते क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली टेलिफोन आणि तारेच्या संदेशांचा अभ्यास करताना मांडलं होतं. त्यात लॉगॅरिथम लागतो, म्हणून तुम्ही दहावीनंतर भेटा त्याला. संदेशांसाठी शोधलेलं गणित जंगलाच्या कामी यावं, ही मला विज्ञानातली फार सुंदर गोष्ट वाटते.

पानं झाली, आता बुंधे. झाडाचा घेर कुठल्या उंचीवर मोजायचा, हे आपल्याकडे ठरलेलं आहे. जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फुटांवर. बुडाशी मोजलं तर मुळांचे फुगवटे मध्ये येतात. घेराला ३.१४ नं भागलं की खोडाची जाडी मिळते. १ मीटर घेराचा साग साधारण ३२ सेंटिमीटर जाडीचा असतो.

उंचीसाठी झाडावर चढायला नको. एक सरळ काठी घ्या. हात पुढे ताठ करून काठी मुठीत उभी धरा. मुठीच्या वर काठीचा जेवढा भाग असेल, तो तुमच्या डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढाच हवा. आता एक डोळा मिटा आणि मागे मागे सरका (मागे खड्डा नाही ना, ते मित्राला बघायला सांगा). काठीचं टोक झाडाच्या शेंड्याशी आणि मूठ बुंध्याच्या तळाशी जुळली की थांबा. तुमच्या पायापासून बुंध्यापर्यंतचं अंतर मोजा. तीच झाडाची उंची! जमीन मात्र सपाट हवी. उतारावर ही युक्ती फसते. एक मोठा त्रिकोण झाड आणि तुमच्यापासूनचं अंतर यांचा, दुसरा छोटा काठी आणि हात यांचा, असे हे दोन समरूप त्रिकोण आहेत. भूमितीच्या तासाला हे उदाहरण बाईंना दाखवा.

शंभर झाडांचे घेर मोजून झाले, की त्यांचे गट पाडा. ३० सेंटिमीटरपर्यंतचे, ३० ते ६०, ६० ते ९०, असे. निरोगी नैसर्गिक जंगलात बारीक झाडं पुष्कळ, मध्यम त्याहून कमी आणि थोराड थोडीच असतात. फ्रान्समधले वनाधिकारी फ्रांस्वा द लिओकूर यांनी १८९८ मध्येच हे हेरलं होतं. दर पुढच्या गटात झाडांची संख्या जवळपास ठरावीक पटीनं घटत जाते. एकाच वर्षी लावलेल्या सागाच्या लागवडीत मात्र सगळे बुंधे साधारण एकाच गटात येऊन बसतात.

आणि कधी कधी बारीक झाडांचा गटच रिकामा सापडतो. हे फार काळजीचं लक्षण. एखाद्या गावात घरं आहेत, माणसं आहेत, पण शाळेत एकही पोर नाही, असं दिसलं तर त्या गावाचं पुढे काय होणार ते कुणी सांगायला लागत नाही. तसंच हे.

गोंदियाच्या जंगलात हा खालचा गट रिकामा का होतो, ते नीट बघू. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फुलं पहाटे टपटप खाली पडतात आणि आयाबाया, पोरंसोरं टोपल्या घेऊन ती वेचतात. अनेक घरांचा वर्षाचा मोठा आधार आहे हा. पण खाली पाचोळ्याचा थर असेल तर फुलं दिसत नाहीत. म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटवतात. आग झाडाखालीच राहिली तर ठीक, पण उन्हाळ्याचं वारं सुटलं की तिचा वणवा होतो. मोठा साग, मोठा ऐन जाड सालीमुळे तरून जातो. बोटभर रोपं, गवत, झुडपं आणि जमिनीवरची घरटी जळून जातात. खूप गुरं चरली, तरी हाच थर जातो.

आता गंमत नाही, दुःखाची गोष्ट सांगतो. वरून काढलेल्या चित्रांत खालच्या थराचं हे नुकसान दिसत नाही! डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून उपग्रहांच्या चित्रांवरून देशातल्या जंगलांचा अहवाल काढते. झाडांच्या छत्रानं ७० टक्के किंवा जास्त जमीन झाकली असेल तर ते अतिघनदाट जंगल, ४० ते ७० टक्के असेल तर मध्यम घनदाट, १० ते ४० टक्के असेल तर विरळ. फार मोलाचं काम आहे ते. पण हे छत्राचं माप आहे. छत्र शाबूत असेल, तर खालचा थर जळून गेल्यावरही जंगल कागदावर घनदाटच राहतं. म्हणून जंगलात पायी जाऊन मोजणाऱ्या माणसांचं काम मला सगळ्यात मोठं वाटतं.

हे काम आपले वनरक्षक करतात. २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर वाघांची गणना होते. तेव्हा ते नुसते वाघाचे ठसे शोधत नाहीत. ठरवलेल्या सरळ रेषेवर दोन-दोन किलोमीटर चालतात. दर ४०० मीटरवर थांबून १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळातली झाडं बघतात, ५ मीटरच्या वर्तुळातली झुडपं बघतात आणि अगदी जवळची जमीन निरखून गवत किती, पाचोळा किती, उघडी माती किती, ते लिहितात. वर मान करून छत्र किती दाट आहे तेही नोंदवतात. म्हणजे वाघ मोजता मोजता संरचनाच मोजली की!

वाघाचा आणि संरचनेचा संबंध आहेच. चितळाला मोकळं गवत लागतं, सांबराला गचपण. वाघाला या दोघांच्या जवळ सरकायला आडोसा हवा. सगळं रान एकसारखं मोकळं असेल तर त्याची शिकार साधणार नाही आणि एकसारखं गच्च असेल तर चितळं राहणार नाहीत. २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या. त्यांच्यासाठी असं मिश्र रान टिकायला हवं.

एक गोष्ट मात्र मोजायला पुष्कळ जण विसरतात : उभं वाळलेलं झाड. वाळलं म्हणजे बिनकामाचं, तोडा नि चुलीत घाला, असं आपल्याला वाटतं. पण त्याच्या ढोलीत पिंगळा राहतो, पोपट राहतो. धनेशाची मादी तर झाडाच्या ढोलीत बसून दार लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते, आणि नर तिला बाहेरून फळं भरवतो. धनेशाला स्वतःला ढोली कोरता येत नाही. जुनं, पोकळ झालेलं थोराड झाडच त्याला लागतं. म्हणून संरचना मोजणारे लोक वहीत वाळलेल्या आणि पोकळ झाडांसाठी वेगळा रकाना ठेवतात. तुम्हीही ठेवा.

आता अंतराळातून मोजायची गोष्ट. ५ डिसेंबर २०१८ रोजी ‘जेडाय’ नावाचं एक यंत्र आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघालं. तिथे ते बाहेरच्या बाजूला बसवलं आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते लेसरचे किरण खाली सोडतं. त्याचा प्रत्येक लेसर सेकंदाला २४२ वेळा चमकतो. एकेक झोत जमिनीवर २५ मीटर रुंदीचा ठिपका टाकतो. झोताचा काही भाग शेंड्याच्या पानांवर आपटून परत फिरतो, काही मधल्या पानांवरून, काही झुडपांवरून आणि उरलेला जमिनीवरून. शेंड्यावरून परतणारा प्रकाश आधी पोचतो, जमिनीवरचा नंतर. १५ मीटर उंच झाड असेल तर दोन्हींमध्ये फरक किती? सेकंदाचे एक कोटी भाग केले, तर त्यातला फक्त एक भाग! एवढासा फरक यंत्र टिपतं आणि कुठल्या उंचीवर किती पानं आहेत याचा आलेख काढतं. विशेष म्हणजे मॅकआर्थर बंधूंचं पानांच्या उंचीच्या विविधतेचं तेच जुनं माप आजही जेडायच्या माहितीत दिलेलं असतं. फळी घेऊन झाडीत शिरणारे दोघं आणि अंतराळातलं यंत्र, प्रश्न दोघांचा एकच. अर्थात जेडायचे ठिपके जमिनीवर सुटे सुटे पडतात. प्रत्येक गाव, प्रत्येक रान त्यात येत नाही. ते आपणच मोजायचं.

आणि मोजताना आपल्या जंगलाचा एक स्वभाव ध्यानात ठेवा. गोंदियाचं जंगल पानझडी आहे. ऑगस्टमध्ये सागाची थाळीएवढी पानं माथ्यावर आभाळ दिसू देत नाहीत. एप्रिलमध्ये तिथेच नुसत्या फांद्या, आणि ऊन थेट जमिनीवर. एकाच जागी, एकाच वर्षात दोन वेगळी जंगलं! बांबूचं तर आणखीच न्यारं. आपला बांबू कित्येक दशकांतून एकदा फुलतो, आणि फुलला की बेटंच्या बेटं वाळून जातात. मग मधला थर काही वर्षांसाठी एकदम मोकळा होतो आणि खाली बियांपासून नवी रोपं उगवतात. त्यामुळे तारीख न लिहिता केलेली मोजणी निरुपयोगी.

मोहाखालच्या आगीवर उपायही आहे. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या पसरल्या की फुलं त्यावर पडतात, माती लागत नाही आणि काडी ओढावी लागत नाही. तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी मोहफुलं वेचत असेल, तर आजीला, मामीला हे नक्की सांगा. ज्या झाडाखाली जाळी लावली आणि ज्याखाली आग लावली, अशा दोन झाडांखालची बोटभर रोपं पावसाळ्यानंतर मोजून तिला दाखवा. आकडा समोर असला की बोलणं सोपं जातं.

अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय मोजायला शिरू नका. वाघ, बिबट्या, अस्वल यांचं घर आहे ते. शाळेमागची आमराई, तलावाच्या पाळीवरची झाडी किंवा गावाशेजारचं मोठ्या माणसांच्या सोबतीनं जाता येईल असं रान पुरे. चार मित्र गोळा करा. एकाकडे टेप, एकाकडे काठी, एकाकडे चादर, एकाकडे वही. थरांचा आकडा काढा, घेरांचे गट पाडा, वाळलेली झाडं मोजा आणि पहाटे अर्धा तास बसून पाखरं किती जातींची दिसली तेही लिहा. पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, त्याच जागी, त्याच झाडांपाशी. तुमच्या आमराईचा आकडा सव्वा निघतो की पावणेतीन, ते आम्हाला पत्रानं कळवा. पत्रात जागेचं नाव आणि तारीख लिहायची विसरू नका.